आकाशांत सांपडलेलें मूलद्रव्य

मूलद्रव्याचा शोध म्हटला म्हणजे मूस, भट्टी, आम्लाच्या बाटल्या आणि त्यांतून निघणारा धूर यांचें चित्र मनापुढें उभें राहतें; आणि तें बहुतांशीं खरेंहि आहे. कॅव्हेंडिशनें धातूवर आम्ल ओतून हायड्रोजन वायु वेगळा केला तो १७६६ सालीं. प्रीस्टलेनें पाऱ्याचें तांबडें भस्म भिंगाखालीं तापवून प्राणवायु मिळविला तो १७७४ सालीं. लाव्हॉइझिएनें १७८९ मध्यें ३३ मूलद्रव्यांची यादी छापली. तींत उष्णता आणि प्रकाश यांनाहि त्यानें खुशाल जागा दिली होती. तीं दोन सोडलीं तर या सर्वांचा माल हातीं धरतां येण्याजोगा, निदान बाटलींत कोंडतां येण्याजोगा होता. परंतु एक मूलद्रव्य असें निघालें कीं, तें मनुष्यास प्रथम सूर्यावर सांपडलें आणि पृथ्वीवर त्याचा पत्ता लागण्यास आणखी सत्तावीस वर्षें जावीं लागलीं. तें म्हणजे हेलियम. त्याच्या शोधाच्या कथेंत मराठी मुलखाचा भाग आहे खरा, पण तो लोक समजतात त्याहून निराळा आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वाघोटन खाडीच्या मुखाशीं विजयदुर्ग किल्ला आहे. त्या किल्ल्यावर कांहीं जुने कट्टे असून त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं खग्रास सूर्यग्रहण झालें, त्या वेळीं नॉर्मन लॉकियर नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें या कट्ट्यांवर दुर्बीण मांडली आणि हेलियमचा शोध लावला, अशी हकीकत सांगितली जाते, छापलीहि जाते, आणि अलीकडे त्या तारखेस तेथें हेलियम दिनहि साजरा होतो. हकीकत मोठी गोड आहे. तींत किल्ला खरा, कट्टे खरे, ग्रहण खरें, लॉकियरहि खरा. मात्र १८६८ च्या त्या सकाळीं लॉकियर कोंकणांत नव्हता. तो इंग्लंडांत होता. सरकारी लष्करी कचेरींत कारकुनी करावी आणि उरलेल्या वेळांत आकाश पाहावें, असा तो हौशी गृहस्थ. मग त्याचें नांव या किल्ल्याला कसें चिकटलें, हें पाहण्यापूर्वीं त्या दिवशीं खरोखर काय घडलें तें पाहणें बरें. आणि त्यासाठीं थोडें मागें जावें लागतें.

सूर्यप्रकाश कांचेच्या लोलकांतून जाऊं दिला म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांची पट्टी पडते. तिला वर्णपट म्हणतात. बव्हेरियांतील जोसेफ फ्राउनहोफर या कांच घडविणाऱ्या कुशल कारागिरानें १८१४ मध्यें ही पट्टी दुर्बिणींतून न्याहाळली, तेव्हां तींत त्याला शेंकडों बारीक काळ्या रेषा दिसल्या. ठळक रेषांना त्यानें ए, बी, सी, डी अशीं नांवें दिलीं. त्या कां पडतात हें मात्र त्याला उमगलें नाहीं. तें कोडें हायडेलबर्ग येथील रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन आणि त्याचा मित्र किर्कहोफ यांनीं १८५९ च्या सुमारास सोडविलें. कोणतेंहि मूलद्रव्य वायुरूपांत तापलें म्हणजे ठराविक जागीं ठराविक रंगाच्या तेजस्वी रेषा देतें. आणि तोच वायु अधिक प्रखर प्रकाशाच्या वाटेंत आडवा आला म्हणजे त्याच जागीं काळ्या रेषा पडतात. एकाची खूण दुसऱ्यास मिळत नाहीं. चुलीवर मिठाचें पाणी उतूं जाऊन ज्वाळेवर पडलें म्हणजे ज्वाळा पिवळी होते, हें घरोघर पाहिलेलें असतें. ती सोडियमची खूण. फ्राउनहोफरची डी रेषा ती हीच, आणि नीट पाहिलें तर ती एकमेकींलगतच्या दोन रेषांची जोडी आहे.

या पद्धतीची सूक्ष्मता अजब होती. ड्यूर्कहाइम येथील झऱ्याच्या क्षारांत बुन्सेनला दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या; त्यांवरून १८६० मध्यें सीझियम ओळखलें गेलें, आणि त्याचा थोडासा क्षार हातीं यावा म्हणून सुमारें ४० टन पाणी आटवावें लागलें. पुढच्याच वर्षीं रुबिडियम सांपडलें, आणि लंडनांत क्रूक्सला एका हिरव्या रेषेवरून थॅलियम सांपडलें. अनोळखी रेषा दिसली कीं नवें मूलद्रव्य शोधावें, अशी रसायनशास्त्रज्ञांना जणूं संवयच लागली. फ्रेंच तत्त्ववेत्ता कोंत यानें १८३५ मध्यें असें ठासून लिहिलें होतें कीं, तारे कशाचे बनले आहेत हें मनुष्यास कधींहि कळणार नाहीं. तो १८५७ मध्यें वारला. आणखी दोनच वर्षें जगता तर आपलें विधान त्याला स्वतःच मागें घ्यावें लागलें असतें.

आतां १८६८ च्या ग्रहणाकडे वळूं. श्रावणांतील अमावास्या होती, म्हणजे मराठवाड्यांत पोळ्याचा सण. खग्रास सावलीचा पट्टा कोंकणच्या किनाऱ्यावर उतरून विजापूर व जमखंडी यांवरून, निजामाच्या राज्याच्या दक्षिण अंगानें, गुंटूर आणि मच्छलीपट्टण येथें पूर्वसमुद्रास मिळाला. हिंगोली या पट्ट्याच्या बरीच उत्तरेस. तेथें सूर्याचा मोठा भाग झांकला गेला, पण पुरा अंधार पडला नाहीं. पट्ट्याच्या मध्याजवळ मात्र अंधार पांच मिनिटांहून अधिक टिकला. येवढा अवधि ग्रहणांत क्वचित् मिळतो. (सयामचा राजा मोंकुत यानें हेंच ग्रहण स्वतः गणित करून वर्तविलें होतें. पाहुण्यांना घेऊन तो किनाऱ्यावरच्या रानांत तें पाहण्यास गेला, तेथें त्याला हिंवताप जडला आणि १ ऑक्टोबरला तो वारला. गणित मात्र बरोबर ठरलें.)

खग्रास ग्रहणांत काळ्या बिंबाच्या कडेला तांबड्या ज्वाला दिसतात. त्या सूर्याच्याच आहेत येवढें १८६० च्या ग्रहणांत ठरलें होतें; त्या कशाच्या आहेत हें ठरावयाचें होतें, आणि वर्णपटदर्शक यंत्र ज्वालांवर रोखण्याची ही पहिलीच मोठी संधि होती. जमखंडीस लंडनच्या रॉयल सोसायटीनें यंत्रें देऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल याला नेमलें होतें. युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. जमखंडी हें त्या वेळीं पटवर्धनांचें संस्थान, आज तें कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत आहे. पावसाळ्याचे दिवस, ढग येत होते, जात होते. एका फटींतून ज्वाला यंत्रांत आली, आणि हर्शेलला तीन तेजस्वी रेषा दिसल्या: एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. मधली नारिंगी रेषा ती सोडियमची डी रेषाच असावी, असें त्यानें मानलें. विजापुरास कॅप्टन हेग यानेंहि तेजस्वी रेषा पाहिल्या. गुंटूरला मेजर टेनंट होता, आणि त्याच गांवीं फ्रान्सहून आलेला पिएर जान्सेन होता. मच्छलीपट्टणास मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख पॉगसन होता; त्यानें पिवळी रेषा डीवर किंवा डीजवळ असल्याची नोंद केली. ज्वाला तापलेल्या वायूच्या आहेत आणि त्यांत मुख्यतः हायड्रोजन आहे, हें त्या एका सकाळींत निश्चित झालें. पिवळ्या रेषेनें मात्र कोणाचीहि झोंप उडविली नाहीं. सोडियम मिठांत आहे, समुद्रांत आहे, धुळींत आहे. मग सूर्यावर असावयास हरकत कोणती?

जान्सेनच्या मनांत त्या दिवशीं निराळाच विचार आला. रेषा इतक्या तेजस्वी आहेत तर त्या ग्रहणाविनाहि दिसावयास पाहिजेत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, १९ ऑगस्टला, त्यानें उघड्या सूर्याच्या कडेवर यंत्र रोखलें आणि ज्वालांच्या रेषा त्याला दिसल्या. ग्रहणाचीं चार दोन मिनिटें साधण्यासाठीं अर्धी पृथ्वी ओलांडण्याची गरज त्या दिवसापासून एका कामापुरती तरी संपली. पुढचे कित्येक दिवस तो गुंटूरलाच राहून ज्वाला पाहत होता, आणि पॅरिसच्या अकादमीला त्यानें पत्र लिहिलें तें त्यानंतर.

हीच युक्ति लॉकियरला दोन वर्षें आधीं सुचली होती. पण त्यानें मागविलेलें यंत्र कारागिराकडून उशिरां आलें. तें हातीं येतांच २० ऑक्टोबर १८६८ रोजीं त्यानें इंग्लंडांत बसून तेंच पाहिलें. त्याची वार्ता आणि जान्सेनचें पत्र २६ ऑक्टोबरला पॅरिसच्या अकादमीच्या एकाच बैठकींत वाचलीं गेलीं. कोणाचा मान पहिला यावर तंटा व्हावयाचा, तो न होतां फ्रेंच सरकारनें १८७२ मध्यें दोघांचीं मुखें एकत्र कोरून पदक पाडलें. ही गोष्ट शास्त्राच्या इतिहासांत फारशी घडत नाहीं. पण हें पदक हेलियमसाठीं नव्हतें, ज्वाला पाहण्याच्या युक्तीसाठीं होतें, हें विसरतां कामा नये. जान्सेननें नवें मूलद्रव्य सांपडल्याचा दावा केलाच नव्हता.

दावा केला तो लॉकियरनें. त्याच्याजवळ ग्रहणाची घाई नव्हती; रोज सवडीनें मोजमाप करतां येई. पिवळी रेषा सोडियमच्या जोडीशीं जुळत नाहीं, ती किंचित् बाजूला पडते, हें त्यानें ताडलें. आजच्या मापानें सोडियमच्या दोन रेषा ५८९·६ व ५८९·० नॅनोमीटरवर आहेत, आणि ही तिसरी ५८७·६ वर. तिला डी-३ म्हणूं लागले. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड याच्या बरोबर त्यानें प्रयोगशाळेंत हायड्रोजन नाना दाबांखालीं तापवून पाहिला. ती रेषा कांहीं केल्या उमटली नाहीं. तेव्हां ही खूण पृथ्वीवर अज्ञात अशा पदार्थाची असली पाहिजे, असें त्याचें मत झालें. ग्रीक भाषेंत सूर्याला हेलिओस म्हणतात, त्यावरून हेलियम. विल्यम थॉमसन, जो पुढें लॉर्ड केल्विन झाला, त्यानें १८७१ मध्यें एडिंबरो येथील अध्यक्षीय भाषणांत हें नांव जाहीरपणें उच्चारलें.

रसायनशास्त्रज्ञांना मात्र तें पटेना, आणि त्यांना दोष देणें कठीण आहे. सीझियम, थॅलियम यांच्याहि आधीं रेषाच दिसल्या, पण नंतर माल बाटलींत आला, त्याचा भार तोलतां आला. हेलियमची तोलावयास रतिभरहि वस्तु नव्हती. प्रखर उष्णतेंत एखादें जुनेंच मूलद्रव्य वेगळी रेषा देत नसेल कशावरून? स्वतः फ्रँकलंडदेखील नव्या मूलद्रव्याची ग्वाही देण्यास कचरत होता. पाहणें एक आणि ओळखणें दुसरें. जमखंडीस हर्शेलनें, मच्छलीपट्टणास पॉगसननें रेषा पाहिली. ती सोडियमची नव्हे हें सिद्ध करण्याचें आणि त्यासाठीं वर्षानुवर्षें थट्टा सोसण्याचें काम लॉकियरचें. शोधाचा मान त्याच्याकडे जातो तो न्याय्यच आहे. पण पिवळी रेषा प्रथम पाहणाऱ्यांच्या यादींत मराठी संस्थानांतील एका गांवाचें नांव आहे, हेंहि तितकेंच खरें.

बाटलींतला माल आला तो दुसऱ्याच वाटेनें. हवेंतून काढलेला नत्रवायु रसायनांतून काढलेल्या नत्रवायूपेक्षां किंचित् जड भरतो, असें लॉर्ड रॅले याला आढळलें होतें: एका लिटरचें वजन १·२५७ ग्रॅम आणि १·२५१ ग्रॅम. फरक सहा मिलिग्रॅमचा. दुसरा कोणी तो चुकीच्या खातीं घालून मोकळा झाला असता. कॅव्हेंडिशनेंहि १७८५ मध्यें हवेंतला नत्रवायु शोषून घेतांना शेवटीं १२० व्या हिश्श्याहून अधिक नाहीं असा एक हट्टी बुडबुडा उरतो, असें टिपून ठेवलें होतें, आणि तें टिपण शंभरांवर वर्षें पडून राहिलें. रॅले व विल्यम रॅम्से यांनीं १८९४ मध्यें त्या बुडबुड्यांतून आर्गॉन बाहेर काढला. तो कशाशींहि संयोग पावत नाहीं, म्हणूनच तो इतके दिवस लपला.

तो खनिजांतहि कोठें आहे काय, हें रॅम्से शोधूं लागला. अमेरिकेंत हिलेब्रँड या रसायनशास्त्रज्ञानें युरेनियमचें खनिज आम्लांत उकळून एक आळशी वायु मिळविला होता व त्याला नत्रवायु मानून सोडून दिलें होतें. ही माहिती ब्रिटिश म्युझियमांतील मायर्स यानें रॅम्सेला कळविली. रॅम्सेनें क्लेव्हाइट नांवाचें युरेनियमचें खनिज गंधकाम्लांत उकळलें, वायु शुद्ध केला, नळींत भरून त्यांतून वीज खेळविली. १८९५ चा मार्च महिना होता. आर्गॉनच्या रेषांची वाट पाहत असतां समोर लखलखीत पिवळी रेषा उभी राहिली, आणि ती सोडियमच्या जागीं नव्हती. नळी क्रूक्सकडे गेली. त्यानें माप घेऊन निर्वाळा दिला कीं, ही डी-३ होय. लॉकियरच्या हयातींतच हें झालें. स्वीडनांत क्लेव्ह व लांगले यांनीं त्याच वर्षीं स्वतंत्रपणें तो वायु मिळवून त्याचा अणुभार काढला. लॉकियरला हेलियम हा धातु असेल असें वाटलें होतें, म्हणून त्यानें सोडियमसारखा ‘इयम’ प्रत्यय लावला होता. निघाला वायु, पण नांव तेंच राहिलें. हाच रॅम्से १९०० सालच्या हिवाळ्यांत हिंदुस्थानांत आला होता. जमशेटजी टाटांनीं योजिलेल्या विज्ञानसंस्थेला जागा कोणती, याचा सल्ला देण्यास त्याला बोलाविलें होतें, आणि त्यानें बंगळूर सुचविलें.

सूर्यावरचा वायु युरेनियमच्या दगडांत कसा शिरला, याचा उलगडा १९०८ च्या सुमारास रदरफर्डनें केला. युरेनियमसारखीं द्रव्यें झिजतांना जे आल्फा कण बाहेर फेंकतात, ते म्हणजे हेलियमचेच अणुगर्भ. दगड लाखों वर्षें आपल्या पोटांत हेलियम सांठवीत बसलेला असतो. युरेनियमला हें नांव क्लापरोटनें १७८९ मध्यें दिलें तें विल्यम हर्शेलनें शोधलेल्या युरेनस ग्रहावरून. आजोबांच्या ग्रहाचें नांव ज्या धातूला मिळालें त्याच धातूच्या खनिजांत नातवानें जमखंडीस पाहिलेल्या रेषेचें कोडें उलगडावें, हा योगायोग असला तरी मौजेचा आहे.

आतां विजयदुर्ग. २२ जानेवारी १८९८ रोजीं, पौषांतील अमावास्येस, पुन्हां खग्रास ग्रहण लागलें, आणि या वेळीं मात्र लॉकियर खरोखरच विजयदुर्गास आला. तो आतां सर नॉर्मन झाला होता. त्याची छावणी किल्ल्यांत पडली, आणि ‘मेल्पोमेनी’ या आरमारी जहाजावरचे खलाशी त्याचे मदतनीस झाले. हेलियम पृथ्वीवर सांपडून तोंवर जवळजवळ तीन वर्षें झालीं होतीं. साहेबाच्या कट्ट्यांचें नातें लॉकियरशीं जोडावयाचें तर तें या १८९८ च्या छावणीशींच जोडलें पाहिजे. तीस वर्षांच्या अंतरानें झालेलीं दोन ग्रहणें लोकांच्या स्मरणांत एकांत एक मिसळलीं. शिवाय १८७१ च्या डिसेंबरांत तो ग्रहणासाठींच कासरगोडजवळच्या बेकल किल्ल्यांत उतरला होता. समुद्रकांठचा किल्ला, साहेब आणि दुर्बीण येवढें तिन्हीकडे सारखें.

१८९८ च्या ग्रहणांत मराठी मुलखाचा वांटा पहिल्यापेक्षां पुष्कळ मोठा आहे, आणि त्याची आठवण कोणी काढीत नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं आपली स्वतंत्र छावणी ठोकली होती. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्बेलहि त्याच गांवीं होता. नायगमवालांनीं पुण्यास भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून वेधशाळा उभारली होती. तिची २० इंची दुर्बीण १९१२ मध्यें कोडाईकनालला गेली. सूर्य पूर्ण झांकला जातो त्या क्षणीं काळ्या रेषा एकाएकीं तेजस्वी होऊन उठतात, तो क्षणिक वर्णपट छायाचित्रांत धरण्याचें काम त्यांनीं केलें व त्याचा अहवाल १९०२ मध्यें छापला. हिंदी माणसानें स्वतःच्या यंत्रांनीं केलेलें असें काम त्या काळीं विरळाच. वऱ्हाडांत तळणी स्टेशनाजवळ इंग्लंडचे माउंडर पतिपत्नी होते. अ‍ॅनी माउंडर यांनीं सूर्याच्या प्रभामंडळाचा फार लांबवर गेलेला एक झोत छायाचित्रांत पकडला.

श्रोत्यांनीं नकाशा घेऊन जेऊर आणि तळणी हीं दोन गांवें रेषेनें जोडावीं. ती रेषा हिंगोलीच्या अगदीं जवळून जाते. म्हणजे १८६८ मध्यें ज्या गांवाला सावलीनें टाळलें त्याच्यावर १८९८ मध्यें ती पुरती पडली, आणि भर दुपारीं सुमारें दोन मिनिटें तेथें तारे दिसण्याजोगा अंधार झाला. परंतु शास्त्रज्ञांच्या छावण्या पडल्या त्या जेथें आगगाडी किंवा आगबोट जाते तेथें. हिंगोलीस तेव्हां निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती, आगगाडी नव्हती.

त्याच हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथ तालुक्यांत आतां लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हावयाची आहे. तत्त्वतः मान्यता २०१६ मध्यें मिळाली; केंद्रीय मंत्रिमंडळानें २०२३ च्या एप्रिलांत २,६०० कोटि रुपयांच्या खर्चास संमति दिली. तेथें दुर्बीण नसेल. काटकोनांत चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील, आणि दूरच्या अवकाशांत तारे आदळले म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ज्या लहरी उठतात त्या त्यांत टिपल्या जातील. या कामाचा मूलद्रव्यांशीं संबंध कोणता? हायड्रोजनपासून हेलियम सूर्याच्या पोटांत होतें; पण सोन्यासारखीं जड द्रव्यें तेथें होत नाहींत. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं अमेरिकेंतील दोन लायगो यंत्रांनीं आणि इटलींतील व्हर्गो यंत्रानें मिळून दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली व तिची दिशा सांगितली. जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या, आणि सुमारें तेरा कोटि प्रकाशवर्षांवरील त्या उजेडाचा वर्णपट घेतला गेला. त्या वर्णपटांत स्ट्राँशियमची खूण असल्याचें २०१९ मध्यें ओळखलें गेलें. स्ट्राँशियमचें नांव स्कॉटलंडांतील स्ट्राँशियन या खेड्यावरून पडलें. तेथील खाणीच्या दगडांत त्याचा मागमूस १७९० मध्यें लागला आणि हंफ्री डेव्हीनें १८०८ मध्यें विजेच्या साहाय्यानें तें वेगळें केलें. टक्कर कोणत्या दिशेस झाली हें नेमकें कळावयास यंत्रें पृथ्वीवर एकमेकांपासून खूप दूर असावीं लागतात. अमेरिका व युरोप यांपासून दूर असें आणखी एक यंत्र औंढ्यास उभें राहिलें, म्हणजे दुर्बिणींना आकाशाचा बराच लहान तुकडा शोधावा लागेल.